मथळ्यापासून पत्त्यापर्यंत

एखाद्या वस्तूस नाव असणे ही एक गोष्ट, आणि त्या नावाने ती वस्तू हजारांतून अचूक हुडकून काढता येणे ही दुसरी गोष्ट. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील फलाटावर रोज सकाळी उभ्या राहणाऱ्या पालकवर्गास हा भेद कोणी शिकवावयास नको. गाडीच्या फलकावर प्रथम नजर जाते ती एखाद्या इंग्रजी अक्षरावर. 'ए' म्हणजे अंबरनाथ, 'ए-एन' म्हणजे आसनगाव, 'बी-एल' म्हणजे बदलापूर. 'के' हे अक्षर कल्याणचे. त्याच ध्वनीने आरंभ होणाऱ्या कर्जतला 'एस' आणि कसाऱ्याला 'एन' ही दक्षिणोत्तर दिशांची अक्षरे आहेत. रेल्वेच्या दप्तरात तर प्रत्येक स्थानकास याहूनही काटेकोर असे संक्षिप्त नाव आहे: अंबरनाथ 'ए-बी-एच', बदलापूर 'बी-यू-डी', उल्हासनगर 'यू-एल-एन-आर', विठ्ठलवाडी 'व्ही-एल-डी-आय'. ही नावे आखूड आहेत, त्यांत मोकळी जागा किंवा विरामचिन्ह नाही, आणि कोणतीही दोन एकसारखी नाहीत. या तीन गुणांवाचून ती कामास आली नसती.

आमच्या या वार्षिकासारख्या अंकापुढेही आता हाच प्रश्न येऊन ठेपतो. छापील अंकात लेख शोधावयाचा तर अनुक्रमणिका उघडावी, पानाचा आकडा पाहावा, की झाले. परंतु तेच लेख जालावर ठेवावयाचे म्हटले म्हणजे पानांचे आकडे निरुपयोगी ठरतात आणि प्रत्येक लेखास स्वतःचा पत्ता द्यावा लागतो. अशा पत्त्याची जी शेवटची, लेखाच्या मथळ्यावरून बनविलेली शेपटी असते, तिला 'स्लग' म्हणतात. हा शब्द जुन्या छापखान्यातला आहे. वृत्तपत्राच्या कचेरीत बातमीस कामापुरते जे आखूड नाव देत, ते स्लग. यंत्रात ओतलेल्या शिशाच्या अखंड ओळीसही हेच नाव होते. शिसे गेले, नाव मात्र राहिले.

जालाची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली मांडली आणि पत्ते कसे लिहावयाचे याचे नियम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या नियमांनी पत्त्यात उघडपणे वापरावयास जी अक्षरे मोकळी ठेविली, त्यांत इंग्रजी वर्णमाला, इंग्रजी आकडे आणि आडवी रेघ, टिंब यांसारखी मोजकी चिन्हे एवढाच ऐवज आहे. मोकळी जागा चालत नाही. प्रश्नचिन्हास व तिरक्या रेघेस पत्त्यात निराळाच अर्थ असल्याने तीही मथळ्यातून काढावी लागतात. मग एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या निबंधास 'पावसाळा आणि आपली उल्हास नदी!! (निबंध)' असे नाव दिले, तर त्यातील उद्गारचिन्हे, कंस व मोकळ्या जागा यांचे काय करावयाचे? एकट्या निबंधाचे काम असते तर हाताने नीट करून घेता आले असते. परंतु दोनशे मथळे असले म्हणजे ते काम यंत्राकडे सोपवावे लागते, आणि यंत्रास ते सांगण्याची जी भाषा आहे तिला 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात. आम्ही तिला येथे सोयीसाठी 'सूत्र' म्हणू.

सूत्र हा शब्द आम्ही उगाच योजिलेला नाही. संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस प्रत्याहार ठाऊक असतीलच. पाणिनीच्या व्याकरणात 'अच्' म्हटले म्हणजे सर्व स्वर, 'हल्' म्हटले म्हणजे सर्व व्यंजने, 'यण्' म्हटले म्हणजे य, व, र, ल ही चार. वर्णांच्या एका संपूर्ण समूहास एकच लहानसे नाव दिले, आणि मग नियम केला की अमक्या समूहातील वर्णापुढे तमक्या समूहातील वर्ण आला असता पहिल्याच्या जागी तिसऱ्या समूहातील वर्ण घालावा. इति आणि आदि मिळून इत्यादि होते, सु आणि आगत मिळून स्वागत होते, ते अशाच नियमाने. आजचे सूत्रही हेच करते: अक्षरांचा समूह सांगते, तो कोठे व किती वेळा यावा हे सांगते, आणि सापडल्यावर त्याच्या जागी काय ठेवावयाचे ते सांगते. अर्थात या भाषेचा उगम पाणिनीपासून झाला असे आमचे म्हणणे नव्हे. तिचा पाया स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाने १९५१ साली, मज्जातंतूंच्या जाळ्याचा गणिती विचार करताना घातला. पुढे केन थॉम्प्सन यांनी मजकुरात शब्द शोधण्यासाठी ती यंत्राकडून कशी राबवून घ्यावी हे १९६८ मध्ये दाखविले. मात्र दोन्हींतील साम्य ज्याच्या ध्यानी आले, त्यास ही विद्या परकी वाटण्याचे कारण उरत नाही.

या भाषेतील चिन्हे थोडकी आहेत. चौकटी कंसात अक्षरे लिहिली म्हणजे 'यांपैकी कोणतेही एक' असा अर्थ होतो. [कखग] याने क, ख, ग यांपैकी एक सापडेल. मध्ये आडवी रेघ दिली म्हणजे पल्ला होतो. [०-९] म्हणजे शून्यापासून नवापर्यंतचा कोणताही आकडा. कंसाच्या आत प्रारंभी ^ हे टोपीसारखे चिन्ह आले की अर्थ उलटतो, म्हणजे 'यांखेरीज कोणतेही'. मागे + लिहिले तर 'एक किंवा अधिक वेळा'. कंसाबाहेरची टोपी म्हणजे ओळीचा आरंभ, $ म्हणजे ओळीचा शेवट, आणि उभी रेघ | म्हणजे 'किंवा'. (ही उभी रेघ आणि आपला पूर्णविरामाचा दंड । ही दिसावयास सख्खी भावंडे असली तरी यंत्राच्या लेखी निरनिराळी आहेत, आणि टंकलेखन करणारे पुष्कळ लोक एकीच्या जागी दुसरी ठेवून मोकळे होतात.)

एवढ्या शिदोरीवर इंग्रजी मथळ्याचा पत्ता चार ओळींत होतो. सर्व मोठी अक्षरे लहान करावी. अक्षर किंवा आकडा नसेल अशा प्रत्येक सलग तुकड्याच्या जागी एक आडवी रेघ ठेवावी. आणि ^-+|-+$ या सूत्राने आरंभीच्या व शेवटच्या रेघा पुसून टाकाव्या. जगातील बहुतेक संकेतस्थळांवर हेच चालते. प्रश्न उभा राहतो तो मथळा मराठी असला म्हणजे.

'अक्षर किंवा आकडा' हे सांगण्यास या भाषेत एक तयार संक्षेप आहे: उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे इंग्रजी डब्ल्यू. आता हा डब्ल्यू 'अक्षर' कशास म्हणतो, यावर सारे अवलंबून आहे. न्याहाळकांत चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत त्याचा अर्थ इंग्रजी सव्वीस अक्षरे, दहा आकडे आणि अधोरेषा एवढाच. तेथे 'बदलापूर' हा शब्द घातला तर त्यातील एकही वर्ण अक्षर ठरत नाही. सर्व पुसले जाते आणि हाती कोरा पत्ता येतो. अंबरनाथचा कोरा, उल्हासनगरचाही कोरा. मराठी विभागातील सगळे लेख एकाच बिननावाच्या खोलीत कोंडले गेले म्हणावयाचे.

ही आपत्ती निदान उघड दिसते, म्हणून लवकर दुरुस्त होते. पायथन या दुसऱ्या लोकप्रिय भाषेतला घोटाळा अधिक फसवा आहे. तिच्या मूळ संचातला डब्ल्यू मराठी व्यंजने व स्वर ओळखतो, परंतु काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व पाय मोडण्याची खूण यांस अक्षर मानीत नाही. कारण असे की जगातील लिप्यांचे एकत्र कोष्टक जे युनिकोड, त्यात क, ख, ग हे 'वर्ण' या वर्गात नोंदले आहेत आणि काना-मात्रा 'चिन्ह' या दुसऱ्या वर्गात. वर्गवारी चुकीची नाही. कान्याला एकटे उभे राहता येत नाही हे खरेच. परंतु एकटे उभे राहता येत नाही म्हणून तो अक्षराचा भाग नव्हे, असे अनुमान काढणाऱ्यास मराठी वाचता येत नसावे. युनिकोडच्या स्वतःच्या मार्गदर्शक टिपणात तर ही चिन्हे शब्दाचाच भाग मानावी असे सांगितले आहे. पर्ल या भाषेने ते मानिले, पायथनच्या मूळ संचाने मानिले नाही.

परिणाम पाहावा. जे अक्षर नव्हे त्याच्या जागी रेघ, या नियमाखाली 'उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर' या मथळ्याचे रूप असे होते:

उल-ह-सनगर-अ-बरन-थ-व-बदल-प-र

रेघेऐवजी नुसते पुसून टाकण्याचा नियम असला तर 'बदलापूर'चे 'बदलपर' आणि 'अंबरनाथ'चे 'अबरनथ' होते. येथे कोणी म्हणेल की पत्ता काही कोणी मोठ्याने वाचीत नाही, दिसला विद्रूप तर दिसला. परंतु विद्रूपता हा यातला लहान दोष आहे. मोठा दोष असा की निरनिराळी नावे एक होतात. 'माती', 'मोती', 'माता' आणि 'मत' या चारही शब्दांचे यंत्राने 'मत' करून ठेविले. 'दान' आणि 'दिन' यांचे 'दन' झाले. 'काका', 'काकू' आणि 'केक' एका 'कक'मध्ये बुडाले. इयत्ता सहावीतील एका मुलाने 'माती' या विषयावर लिहावे, नववीतील मुलीने 'मोती'वर कविता करावी, आणि दोन्हींचा पत्ता एकच व्हावा. काही व्यवस्थांत दुसरा लेख पहिल्याच्या जागी जाऊन बसतो, काहींत तो स्वीकारलाच जात नाही. दोन्ही प्रकारांत एका बालकाचे लेखन नाहीसे होते, आणि परगावच्या आजीस कौतुकाने पाठविलेला दुवा उघडला असता तिला ४०४ या आकड्याचे कोरे पान दिसते.

स्वतःचा पल्ला स्वतः लिहून यातून सुटू असे वाटेल. [अ-ह] असे लिहिले म्हणजे सारी वर्णमाला आली, अशी पुष्कळांची समजूत असते. शाळेतल्या तक्त्यात ती खरी आहे, युनिकोडच्या तक्त्यात नाही. तेथे देवनागरीस १२८ घरे दिली आहेत. अनुस्वार व विसर्ग 'अ'च्याही आधी बसतात. मग स्वर, मग 'ह'पर्यंत व्यंजने (आपला ळ यांच्यामध्येच येतो). त्यानंतर काना-मात्रा, दंड, आकडे, आणि अगदी शेवटी मागाहून दाखल झालेली मंडळी. 'ॲ' हे अक्षर तेथे २००८ साली आले. तेव्हा [अ-ह] हा पल्लाही काना-मात्रा वगळतो आणि वर दाखविलेलाच चुराडा पुन्हा करतो.

शेवटच्या घरांविषयी उल्हासनगरच्या रहिवाशांस विशेष आस्था वाटावी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांस कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि त्या वसाहतीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी, तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते, उल्हासनगर हे नाव मिळाले. या कुटुंबांची सिंधी भाषा अरबी वळणाच्या बावन्न अक्षरी लिपीतही लिहितात आणि देवनागरीतही. परंतु सिंधीत श्वास आत ओढून उच्चारावयाचे चार वर्ण आहेत, जे मराठीत नाहीत. त्यांसाठी देवनागरीत ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अधोरेखित अक्षरे योजिली आहेत. गाव या अर्थाचा 'ॻोठु' आणि मूल या अर्थाचा 'ॿारु' हे शब्द त्यांनीच लिहावे लागतात. ही चार अक्षरे युनिकोडात २००६ साली दाखल झाली आणि त्यांची जागा तक्त्याच्या अगदी तळाशी आहे. सूत्र लिहिणाऱ्याने 'ह'पर्यंतच हात पुरविला तर शेजारच्या बाकावरील मित्राच्या आजोबांच्या गावाचे पहिलेच अक्षर गळून पडते. म्हणून पल्ला घ्यावयाचा तर पहिल्या घरापासून शेवटच्या, म्हणजे ॿ च्या घरापर्यंत, सबंध १२८ घरांचा घ्यावा, त्यात इंग्रजी अक्षरे व आकडे मिळवावे, आणि त्या पल्ल्यात नको असताना आलेले दंड व संक्षेपचिन्ह [।॥॰]+ या वेगळ्या सूत्राने काढून टाकावे. सिंधीची अरबी लिपी ज्या संकेतस्थळावर येणार असेल, तेथे तिचाही पल्ला जोडलाच पाहिजे.

पल्ला नीट झाला की दुसरे संकट उभे राहते, ते न दिसणाऱ्या अक्षरांचे. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतील अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात; दुसरीत साधा र, पाय मोडण्याची खूण, आणि त्यानंतर एक अदृश्य जोडखूण घालतात. डोळ्यांस दोन्ही सारखी, यंत्रास निराळी. ही अदृश्य खूण देवनागरीच्या घरांत बसत नाही. म्हणून आपले सूत्र तिला परकी समजून तिच्या जागी रेघ मारते आणि शब्दाचे दोन तुकडे होतात. बरे, ती अदृश्य खूण आधीच नुसती पुसून टाकावी म्हटले तर साध्या र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. मग 'आचाऱ्यांना', म्हणजे स्वयंपाक्यांना, लिहिलेले पत्र 'आचार्यांना', म्हणजे गुरुजनांना, जाते! 'दऱ्या' डोंगरातून उठून 'दर्या' होतात. सबब क्रम असा ठेवावा लागतो की प्रथम 'र, पायखूण, अदृश्य खूण' हा तिघांचा गट शोधून त्याच्या जागी पाय मोडलेला ऱ घालावा, आणि त्यानंतरच उरलेल्या अदृश्य खुणा पुसाव्या. क्रम बदलला की तीच सूत्रे घात करितात. 'ॲ'चीही अशीच दोन रूपे आढळतात, एक स्वतंत्र अक्षराचे व दुसरे 'अ'वर चंद्र ठेवून केलेले. त्यांपैकी एक ठरवून दुसरे त्यात मिळवून घ्यावे. आकड्यांचेही तेच: 'कॅम्प नं. ४' यातील चार मराठी ठेवावयाचा की इंग्रजी, हे एकदा ठरवावे आणि मोडू नये.

विसर्गाची हकीगत याहून मौजेची आहे. मराठी टंकलेखनात विसर्गाच्या जागी इंग्रजी अपूर्णविरामाची दोन टिंबे मारण्याची सवय इतकी रुजली आहे की 'दु:ख', 'स्वत:', 'अंत:करण' असे लिहिलेले आपल्यास खटकतही नाही. यंत्रास खटकते. दोन टिंबे म्हणजे विरामचिन्ह, म्हणून त्याच्या जागी रेघ, आणि 'दुःख' या शब्दाचे 'दु-ख' होते. 'दोन मराठी अक्षरांमध्ये अपूर्णविराम आला तर त्याचा विसर्ग करावा' असे सूत्र काहीजण सुचवितात. वरवर पाहता ते शोभिवंत आहे. परंतु मराठी आकडेही त्याच १२८ घरांत राहतात, त्यामुळे '१०:३०' या वेळेस विसर्ग लागतो, आणि 'विषय:पाऊस' असे जागा न सोडता लिहिणाऱ्याची गत निराळी नाही. आमचे मत असे की येथे चतुराई न करता शब्दांची यादीच द्यावी: दु:ख, नि:शस्त्र, अंत:करण, प्रात:काल, स्वत:, विशेषत:, पुन:पुन्हा, आणि असे आणखी जे आढळतील ते. यादी ओबडधोबड दिसते खरी, पण ती खोटे बोलत नाही.

पत्ता आखूड व्हावा म्हणून 'आणि', 'व', 'हा' असे किरकोळ शब्द गाळण्याचीही प्रथा आहे. तिच्यातही मात्रांचा जुनाच प्रश्न डोके वर काढतो. 'स्वतंत्र उभा असलेला व' शोधण्यास शब्दसीमेचे एक चिन्ह मिळते. परंतु ज्या यंत्रास वेलांटी अक्षर वाटत नाही, त्यास 'वि' मधील व देखील स्वतंत्रच उभा आहे असे वाटते. मग विठ्ठलवाडी स्थानकाचा पहिला व उडतो आणि मागे निराधार वेलांटी तेवढी लोंबकळत राहते. त्यापेक्षा (^| )व( |$), म्हणजे दोन्ही बाजूंस मोकळी जागा किंवा ओळीची कड असलेला व, असे स्पष्ट सांगावे. एवढे करूनही 'व. पु. काळे' यांच्या नावातील आद्याक्षर 'व' असेच सुटे लिहिलेले मिळाले म्हणजे काय करावे? आम्हांस विचाराल तर असले शब्द गाळूच नयेत. दोन-चार अक्षरांची बचत ती काय!

आता पुष्कळ वाचकांच्या मनात आले असेल की एवढी यातायात करण्याऐवजी मथळा सरळ रोमन लिपीत का उतरवू नये. पक्ष विचारार्ह आहे, आणि मराठीस तो नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले ते रोमन अक्षरांतच. परंतु रोमनमध्ये उतरविताना काय गमावते ते पाहिले पाहिजे. ळ आणि ल एक होतात, म्हणून 'काळ' आणि 'काल' एक. ण आणि न एक, म्हणून 'माण' आणि 'मान' एक. ट आणि त एक. गोव्याच्या रोमी लिपीने ळ साठी एल हे अक्षर दोनदा लिहून काही वाट काढिली आहे, पण आपल्याकडे ती रीत नाही. शिवाय अक्षरागणिक उतरविले तर प्रत्येक व्यंजनातील 'अ' उघडा होऊन 'बदलापूर'चे 'बदलापूरा' आणि 'अंबरनाथ'चे 'अंबरनाथा' होते. शेवटचा 'अ' गाळावा म्हटले तर 'रत्न' आणि 'मित्र' या शब्दांचा गळा आवळला जातो. तेव्हा जोडाक्षरान्त शब्द वगळण्याचे आणखी एक सूत्र हवे. आणि इतके करून एकमत कोठे आहे? अंबरनाथचे इंग्रजी लेखन कोठे 'बी' नंतर 'ई' घालून करितात, कोठे 'ए' घालून. दोन्ही रूपे आजही चालू आहेत. त्या गावाच्या शिवमंदिरातील शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखाने देवालयाचा काळ नऊ शतके ओलांडून आपल्यापर्यंत पोहोचविला. इंग्रजीतील एका स्वराने मात्र अजून आपली जागा निश्चित केलेली नाही.

देवनागरी पत्त्याविरुद्ध जो आक्षेप घेतात, तो लांबीचा. तो खोटा नाही. यंत्रांमध्ये प्रवास करताना प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांत मांडावे लागते, आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अंक अशा तीन खुणांत लिहितात. एकट्या 'अ'चे %ई०%ए४%८५ असे होते (यातील ई व ए इंग्रजी समजावे). आपण 'बदलापूर' या शब्दात पाच अक्षरे मोजतो. काना व उकार वेगळे धरून यंत्र सात मोजते. प्रवासात त्याच्या ६३ खुणा होतात. 'कुळगाव-बदलापूर' या तेथील नगरपरिषदेच्या नावाच्या ११८. न्याहाळकाच्या पट्टीत हे पुन्हा शुद्ध मराठी दिसते, परंतु निरोपात चिकटविले असता ती टक्क्यांची लांबलचक माळ कधी कधी तशीच उमटते. आमच्या मते मराठी विभागाच्या अंकास ही किंमत परवडण्याजोगी आहे. २०१४ पासून पत्त्याचा शेवटही 'भारत' असा देवनागरीत घेता येतो. मग मधलाच भाग परका का असावा? लांबीवर मर्यादा मात्र घालावी, आणि ती घालताना अक्षराच्या मध्ये कात्री लावू नये, नाहीतर 'उल्हासनगर' कापून 'उल्' तेवढे उरते. ठरलेल्या लांबीशी तोडल्यावर -[^-]*$ या सूत्राने शेवटची रेघ व तिच्यापुढचा अर्धवट शब्द टाकून द्यावा, म्हणजे पत्ता पूर्ण शब्दावर थांबतो.

एकदा दिलेला पत्ता पुढे बदलू नये, असे बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये आग्रहाने लिहिले. मथळ्यातील शुद्धलेखन मागाहून सुधारले तरी जुना पत्ता जिवंत ठेवून त्यावरून नव्याकडे वाट दाखवावी; ३०१ हा संकेत त्यासाठीच आहे, आणि त्याचा अर्थ 'कायमचे स्थलांतर' असा होतो. तसेच सूत्रांची सारी दक्षता घेऊनही 'पाऊस' याच नावाचे दोन निबंध आले, तर दुसऱ्यास 'पाऊस-२' म्हणावे. ते काम सूत्रांचे नव्हे, नोंदवहीचे आहे.

ज्या विद्यार्थ्यांस शाळेच्या संगणकावर हे करून पाहावयाचे असेल त्यांनी आपली सूत्रे पुढील मथळ्यांवर चालवावी. 'कुळगाव – बदलापूर' आणि 'कुळगाव-बदलापूर' या दोहोंपासून एकच पत्ता निघाला पाहिजे, मधली रेघ आखूड असो की लांब. 'माती' व 'मोती' वेगळे राहिले पाहिजेत. 'दु:खाचे दिवस ।' याचे 'दुःखाचे-दिवस' व्हावे आणि शेवटी रेघ उरू नये. 'आचाऱ्यांना निरोप' दोन्ही रीतींनी टंकून पाहावा. स्वयंपाकी स्वयंपाकीच राहिले पाहिजेत. 'विठ्ठलवाडी व शहाड' यातील एकही वेलांटी निराधार होता कामा नये. आणि वर्गात सिंधी बोलणारा सोबती असेल तर त्याच्याकडून ॻ किंवा ॿ असलेला एखादा शब्द मागून घ्यावा, तो सूत्रात घालावा, आणि जसाच्या तसा बाहेर येतो की नाही हे त्यालाच वाचावयास सांगावे.